साइज मीडियम

कॅम्पात फॅशन स्ट्रीटवर अकराशेला पडला.
तो सतराशेच्या खाली येत नव्हता,
मेहजबीन दोनदा पाठ फिरवून निघाली
आणि दोन्हीदा मागून हाक आली.
चौघींत दोनशे पंचाहत्तर.
आम्ही फोनवरून लगेच वळते केले,
ऋणालीनं रोख दिले, दहा-दहाच्या नोटा, वर पाचचं नाणं,
मोजून, रबर लावून.

मला खांद्यात ढगळ.
तितिक्षाला बटण लागायचं नाही,
श्वास रोखला तर लागायचं,
पण मुलाखतीत बोलावंही लागतं.
ऋणालीला मात्र असा बसला
की कर्वेनगरच्या त्या फुटभर आरशासमोर
आम्ही तिघी गप्प.

घरी आल्यावर कळलं, खिसे खोटे आहेत.
वर झाकण, आत काही नाही.
मेहजबीन म्हणाली, बायकांना खिसे देत नाहीत,
खिशाची आशा देतात.
ऋणालीनं ब्लेडनं टाके उसवले,
उशीच्या जुन्या अभ्र्याचा तुकडा आतून शिवला.
बाहेरून काळा ब्लेझर,
आत पिवळी फुलं.

आमच्या विद्यापीठाच्या दारात कारंजं आहे,
पाहुणे यायच्या दिवशी चालू करतात.
लिफ्टमध्ये सगळे इंग्रजीत श्वास घेतात.
कोल्ड कॉफी एकशे दहा,
आम्ही बाटलीतलं पाणी पीत एसीत बसायचो
लायब्ररी बंद होईपर्यंत,
तेवढीच फी वसूल.
फीच्या पावतीवर शेवटची ओळ होती : इतर, सत्तावीस हजार.
तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. ऋणालीनं विचारलं.
खिडकीतला माणूस म्हणाला,
मॅडम, इतर म्हणजे इतर.

पाचव्या सेमिस्टरला गेटवर तिचं कार्ड लाल झालं.
हप्ता दुसरा.
डोंगरेकाका दुसरीकडे बघत म्हणाले,
मशीन बिघडलंय बहुतेक, जा तू.
नऊ दिवस रोज बिघडलं त्यांचं मशीन.
दहाव्या दिवशी ड्यूटीवर दुसराच कुणी होता.

वाकडेवाडीहून नवापूरची रात्रीची गाडी.
आम्ही तिचे दोनशे पंचाहत्तर पुढे केले.
राहू द्या, म्हणाली,
एक बाही माझी.
कुठली, ते सांगायच्या आत
कंडक्टरनं दार ओढलं.

परत आलो तेव्हा तितिक्षा जिन्यात म्हणाली,
चारातल्या तीन, म्हणजे पंचाहत्तर टक्के,
परीक्षेला बसायला पुरते.
कुणी हसलं नाही.
मग हसलो.
कुकर तसाच झाकलेला राहिला सकाळपर्यंत.

माझी मुलाखत फेब्रुवारीत.
स्वतःबद्दल सांगा.
हात खिशात गेला, अभ्र्याचं मऊ कापड,
तळाशी एक रबर.
ते बोटाला गुंडाळत पाठ केलेलं सगळं सांगितलं,
मध्येच कुठेतरी "आम्ही" म्हणून गेले.
समोरच्या बाई हसल्या, चांगल्याच होत्या,
म्हणाल्या, "मी" म्हणायचं.

परवा लाँड्रीत टाकला.
कोपरांवर आता चकाकी आली आहे, दोन्ही बाह्यांच्या.
नाव?
फ्लॅट नंबर टाका, म्हटलं.
नंबर नको ताई, नंबरानं कपडे हरवतात.
मी नाव सांगितलं.
त्यानं र काढून खाली उकार दिला, रुपयातला रु.
तो नाही, म्हटलं. ऋतूतला.
त्याचं पेन थांबलं.
शाळा सुटल्यापासून हे अक्षर हातून गेलं नव्हतं त्याच्या.
मी चिठ्ठी माझ्याकडे ओढली,
काढायला गेले,
मलाही एका झटक्यात जमलं नाही.